दाताला काय ठाऊक

यंत्रावरचा दिवा लाल झाला आणि हॉलमधली कुजबुज एकदम थांबली.

सारिका हावळ खुर्चीत तोंड उघडं ठेवूनच बसली होती. अजून काही तपासायचं बाकी असेल असं तिला वाटलं. पेनाएवढी नळी तिच्या गालात होती आणि समोरच्या पडद्यावर तिचे चार नवे दात ताटाएवढे मोठे दिसत होते. डावीकडचे, दोन वरचे आणि दोन खालचे. होते दाढेच्या जातीचे, पण दाढेसारखा सपाट माथा कुठंच नाही. विळीच्या पात्यासारख्या कडा, वरची खालचीला घासून जाईल अशा. खाली अक्षरं उमटली: मांसाहार, नियमित.

"मिटा आता तोंड, वहिनी," सोसायटीचे सेक्रेटरी मगदूम म्हणाले.

रांगेतल्या बायका पाऊलभर मागं सरल्या. सारिका काय कुणाला चावणार होती? पण सरल्या. त्यांच्या पुढं, रांगेत पहिलीच, सारिकाची पोरगी उभी होती, दुर्वा. कोण कोण सरलं ते तिनं मागं वळून एकेक चेहरा धरून बघून ठेवलं. दुर्वा सतराची. शाळेत बाईंशी भांडून दप्तर बाकावर टाकून आली होती, ते दप्तर आणायलासुद्धा परत गेली नव्हती. डोकं तव्यासारखं कायम तापलेलं, डोळे मात्र घारीचे.

"पुढची," मगदूम म्हणाले.

पुढची तीच होती. तिचा असा नवा दात एकच, कबड्डीत गुडघा लागून मोडलेल्या दाढेच्या जागी आलेला. खुर्चीत बसताना तिला वाटलं, आपल्याला जे माहीत आहे ते हॉलमध्ये कुणालाच माहीत नाही. ती दाढ उगवत होती ते सगळे दिवस ती स्टेशनमागच्या मुन्नाच्या गाडीवर खिमा-पाव खात होती. आठवड्यातनं दोनदा, कधी तीनदा.

नळी गालात गेली. दिवा हिरवा झाला. शुद्ध शाकाहार.

"बघा की," मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "पोरगी बिचारी देवाघरची, आणि आई ही असली."



मिरजेच्या बाहेर मालगाव रस्त्याला 'सत्त्वधाम' सोसायटी वसली तेव्हा आत यायला नुसती शपथ पुरायची. या घरात अंडं, मासळी, मटण शिजणार नाही आणि घरातलं कुणी बाहेरही खाणार नाही. शपथ कोण पाळतंय हे कळायला मार्ग नव्हता. मग अंकुर आला. पडलेल्या दाताच्या जागी हिरडीत औषध टोचायचं, की काही आठवड्यांत नवा दात. कवळ्या गेल्या, म्हातारी माणसं परत ऊस खायला लागली. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की हा नवा दात माणूस काय खातो त्याप्रमाणे घडतो. एकदा लक्षात आल्यावर यंत्र निघायला कितीसा वेळ लागतो? सत्त्वधामनं ते पहिल्या झटक्यात घेतलं.

हावळांच्या दोन खोल्या तळाला, पंपघराला लागून. सारिकाचा नवरा मारुती सगळ्या इमारतींना पाणी सोडायचा, त्या नोकरीवर खोल्या मिळालेल्या. गळ्यात तुळशीची माळ. मारुतीची माळ म्हणजे सत्त्वधामची शान होती. नवीन गिऱ्हाईक आलं की मगदूम त्याला मुद्दाम पंपाकडून फिरवून न्यायचे.

त्याच संध्याकाळी मगदूम दारात आले. चप्पल न काढता उंबऱ्यावरच उभे राहिले.

"मारुतीराव, तुमच्याकडं बघून मी कमिटीला गप्प केलंय. रविवारी सभा आहे. वहिनींनी उभं राहायचं, एकदा चुकलं म्हणायचं, हात जोडायचे. नाव महिनाभर फलकावर राहील, मग पुसू. आधी चौघांची पुसलीच की. नाहीतर खोल्या आणि पंप, दोन्ही सोडावं लागेल."

"मी खाल्लं न्हाई," सारिका म्हणाली.

"यंत्राला तुमच्याशी काय वैर आहे, वहिनी? माहेरी खात होता ना?"

"माहेरी खात हुते. हळद लागल्यापासनं शिवलं न्हाई."

"जिभेला सवय असते," मगदूम म्हणाले, आणि मारुतीकडं बघितलं.

 मारुतीचं बोट माळेच्या एका मण्यावर होतं, ते तिथंच राहिलं. दुर्वा वाट बघत होती. आता बोलेल, आता म्हणेल माझी बायको तसली न्हाई. मगदूम गेले तरी तो बोलला नाही.

रात्रीच्या जेवणाला सारिकानं त्याच्यापुढं भाकरी आणि शेपूची भाजी ठेवली. त्यानं ताटाला हात लावून नमस्कार केला, ताट हळूच पुढं सारलं आणि उठला.

"भूक न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारीही तेच. "उपास हाय."

"आज कसला उपास, आण्णा?" दुर्वानं विचारलं. "कुठल्या देवाचा? मला पण सांगा, मी पण धरते."

"दुर्वे, गप," सारिका म्हणाली. ती भरल्या ताटाकडं बघत होती. दुर्वाला कळलं आईला काय वाटतंय, कारण तिलाही तेच वाटत होतं. माळकरी माणूस, खाणाऱ्याच्या हातचं कसं घेईल? तिनं दातओठ खाल्ले, खिशातले फुटाणे काढले आणि कडाकडा चावत बाहेर पडली. राग आला की तिला फुटाणे लागायचे, आणि राग तिला दिवसभर यायचा.

सायकल थेट डॉक्टर केतकी आवटींच्या दवाखान्यात. सारिकाला आणि दुर्वाला दोघींनाही अंकुर त्यांनीच टोचला होता. रांगेतल्या पेशंटांना ओलांडून दुर्वा आत घुसली.

"आईनं मटण खाल्लेलं नाही."

"बस," आवटी म्हणाल्या. "खाल्लं असं मी कुठं म्हटलं?"

"तुमचं यंत्र म्हणतंय."

"दात माझा. यंत्र दुसऱ्याचं." त्यांनी मागच्या फळीवरून दोन कवट्या काढून टेबलावर ठेवल्या, प्लॅस्टिकच्या. "ओळख."

"कुत्री आहेत. दोन्ही."

"एक लांडगा आहे. दुसरा कांगारूचा भाऊबंद. ऑस्ट्रेलियात होता, पाठीवर पट्टे, पोटाला पिशवी. आता संपला. या दोघांचं खानदान इतक्या पूर्वी वेगळं झालंय, की लांडगा त्याच्यापेक्षा तुला-मला जवळचा. तरी दात बघ. नात्यानं नाही झाले, कामानं झाले. दोघांनाही मांस फाडायचं होतं. गोगलगायी फोडणारा एक सरडा आहे, शिंपले फोडणारे मासे आहेत. त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, पण दात दोघांचे गोट्यांसारखे. आणि ते काळंपांढरं अस्वल, खानदान मांस खाणाऱ्यांचं, पण बांबू चघळून चघळून दाढा झाल्या जात्यासारख्या."

"म्हणजे दाताला मटण कळत नाही."

"दाताला काहीच कळत नाही गं. कापायचं काम पडलं की कडा, दळायचं पडलं की सपाटी. निसर्गाला त्याला लाखो वर्षं लागतात. तिथं ज्याचा दात कामाचा तो जगतो, त्याची पोरं जगतात, बाकीचे उपाशी जातात. अंकुरात आम्ही ते काम सहा आठवड्यांवर आणलं. दात कच्चा, मऊ बाहेर येतो. चावताना जिथं जसा दाब पडेल तसे थर चढतात, मग तो कायमचा कडक होतो. समोरच्या दाताशी नीट बसावा, एवढाच हेतू होता. ते यंत्र फक्त आकार बघतं. कडा दिसली की मटण म्हणतं. दुसरं काही कापणारा माणूस असू शकतो हे बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही."

"मग आई काय कापते?"

"ते तू बघ. मी तुमच्या घरात राहत नाही."

"रविवारी येऊन हे सगळं सांगा."

"येते. पण मगदूम म्हणतील, औषध टोचणारी बाई दुसरं काय बोलणार. त्यांना पुरावा लागेल. पुरावा म्हणजे उलटा दात. अंकुर येताना ज्यानं मांस खाल्लं, आणि तरी ज्याचा दिवा हिरवा लागला, असा एक माणूस. एकच मिळाला तरी यंत्र पडलं. पण तो स्वतःहून कशाला उभा राहील? त्याला तर यंत्रानंच वाचवलंय."

दुर्वा कवटीच्या जबड्यावर नख फिरवत राहिली.

"समजा कुणी खिमा खाल्ला असेल तर?"

"कुणी?"

"असंच विचारते."

"खिमा खाटकाच्या सुरीनं आधीच कापलेला असतो. दाताला काय काम उरलं?" आवटींची नजर तिच्या हातातल्या फुटाण्यांकडं गेली. "आणि तोच माणूस दिवसभर फुटाणे चावत असेल, तर दाढ सपाट येणार. अगदी साधूची."

दुर्वानं मूठ मिटली आणि उठून गेली.

घरी सारिका मशीनवर बसली होती. साड्यांना फॉल लावायचं काम ती घेत असे. बाजूला साड्यांचा ढीग. दुर्वा दारात उभी राहून बघत राहिली. एरवी हजारदा बघितलेलं, पण आज डोळे वेगळे होते. शिवण संपली, सारिकानं साडी तोंडाजवळ नेली, मान वाकडी केली, दोरा डाव्या गालात घातला आणि कट्. पुढची कड, टाका, मान वाकडी, कट्. नायलॉनचा दोरा, सुतळीसारखा चिवट.

"आई, कात्री कुठाय?"

"हाय की डब्यात. का?"

"दोरा कात्रीनं का नाही तोडत?"

"कात्री उचला, ठिवा, तेवढ्यात दुसरी साडी हुती."

"आणि पुढच्या दातांनी तोडायचीस ना आधी?"

"तुझ्या आवटी मॅडमनीच सांगितलं न्हवं का, नव्या दातास्नी आराम देऊ नका, काम द्या म्हणून. मग तिकडनं तोडाया लागले. सगळा दोरा तिकडनंच." तिनं परत मान वाकडी केली, आणि मध्येच थांबली, कारण दुर्वा खाली बसून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं.

दुर्वानं सगळं सांगितलं. लांडगा, पट्टेवाला, कडा, सपाटी. सारिकानं ऐकून घेतलं, जिभेनं स्वतःच्या डाव्या दातांवरून हळूच चाचपलं.

"आण्णास्नी सांग," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नको. कोण इस्वास ठेवणार? दोऱ्यानं म्हणं वाघाचे दात आले. हसत्याल." तिनं साडीची घडी घातली. "मी ठरवलंय. उद्या उभी ऱ्हाते, चुकलं म्हणते, हात जोडते."

"न केलेल्याला?"

"खोल्या ऱ्हात्यात. पंप ऱ्हातोय. माझं काय, नाव फलकावर चढंल. मतदार यादीत पण हाय की."

"आणि आण्णा? ते जेवतील तुझ्या हातचं?"

 सारिकानं मशीनचं चाक हातानं फिरवलं, आणि दोरा नसताना सुई नुसतीच वरखाली होत राहिली.

दुर्वाच्या जिभेवर आलं होतं. तो उलटा दात माझ्याच तोंडात आहे. पण सांगितलं तर आईचं नाव धुऊन निघणार आणि घर जाणार. गप्प बसलं तर घर राहणार, आणि आई जन्मभर खाल्लेली बाई म्हणून पंपाशेजारी राहणार. तिनं पाणी पिलं. शब्द पाण्याबरोबर खाली गेले.

रविवारी सकाळी हॉल गच्च भरला. यंत्र कोपऱ्यात टेबलावर, त्यावर लेसचं कापड. दुर्वानं कळवलेलं दोऱ्याचं कारण सांगायला डॉक्टर आवटी उभ्या राहिल्या, आणि तंतोतंत त्या म्हणाल्या होत्या तसंच झालं.

"मॅडम, तुमचा आदर आहे," मगदूम म्हणाले, "पण दोऱ्यानं असले दात येत असते तर मिरजेतल्या सगळ्या शिंपिणी आत्तापर्यंत वाघिणी झाल्या असत्या."

हॉल हसला.

"त्यांचे दात अंकुराचे नाहीत," आवटी म्हणाल्या, पण हशात ते विरलं.

"वहिनी, तुम्ही बोला."

सारिका उभी राहिली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. हात जोडले. तिचा ओठ हलला आणि पहिला शब्द बाहेर पडायच्या आत दुर्वाची खुर्ची मागं पडली.

"मी खाल्लंय," दुर्वा म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

"मुन्नाच्या गाडीवर. खिमा. माझी दाढ येत होती तेव्हा, सगळे आठवडे. आणि ह्या डबड्यानं मला काय सांगितलं? शुद्ध शाकाहार. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. देवाघरची म्हणालात मला. कोण म्हणालं ते पण माहितीय, तिसऱ्या रांगेत बसल्यात."

"खाली बस," मगदूम म्हणाले. "आईला वाचवायला लेकरू काहीही बोलतं. आम्ही समजू शकतो."

"मुन्नाला विचारा."

"गाडीवाल्याचं काय ऐकायचं? त्याचं गिऱ्हाईक आहेस तू, म्हणजे असलीस तर." परत थोडा हशा. "यंत्र म्हणतं तू खात नाहीस."

"यंत्र म्हणतं म्हणून मी खाल्लेलं उलटं बाहेर येणार आहे का?"

"दुर्वे, बस खाली," सारिका म्हणाली. जोडलेले हात तिनं रागानं सोडले होते. "कुणी सांगितलं हुतं तुला मधी पडाया?"

तेवढ्यात मागच्या भिंतीशी उभा असलेला मारुती पुढं आला. सभेत तो कधी पुढं येत नसे. पंपाचं ग्रीस लागलेले हात त्यानं पाठीमागं धरले होते.

"पोरगी खरं बोलतीया," तो म्हणाला.

"मारुतीराव, तुम्हीसुद्धा..."

"तिच्या ओढणीला वास यायचा. पंपामागं कपडे वाळत्यात, तिथं. मला पैल्या दिवसापासनं ठावं हाय. वयात आलेली पोर, म्हटलं, तिची तिला समजंल." त्याला बोलायची सवय नव्हती, शब्द विहिरीतनं बादली ओढल्यासारखे येत होते. "तिचा दिवा हिरवा लागला तवाच मला कळलं, यंत्र खोटं बोलतंय. आणि मी गप बसलो. बोललो तर खोल्या जात्यात म्हणून. बायकोला सगळ्यांच्या फुडं उभी करू दिली. तवापासनं घास गिळवंना. ही समजत्या, मी तिच्या हातचं टाळतोय."

सारिका त्याच्याकडं बघत राहिली.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मारुती हावळ खोटं बोलतो असं म्हणायचं म्हटलं तर आधी सत्त्वधामचं माहितीपत्रक बदलावं लागलं असतं. त्याच्या गळ्याचा फोटो होता त्यावर.

मग दुसऱ्या रांगेत एक म्हातारी काठी टेकत उठली, बिरनाळेंची आई. मागं फलकावर चढून पुसलेल्या चार नावांत तिचं एक होतं.

"मी ऊस सोलते दातानं," ती म्हणाली. "नातवंडांना सोलून देते. माझा लाल लागला. मी खाल्लं नव्हतं काही. सून म्हणाली, माफी मागा, घर जाईल. मागितली." ती मुलाकडं वळली. मुलगा मान खाली घालून बसला होता. "तेव्हापासून हा माझा चहाचा कप वेगळा ठेवतो."

त्यानंतर सभा सभेसारखी राहिली नाही. जो तो शेजारच्याच्या तोंडाकडं बघू लागला, आणि ज्याच्याकडं बघावं त्याचं तोंड आपोआप मिटू लागलं. हिरव्या दिव्याची माणसं जास्त घट्ट मिटून बसली होती, हे दुर्वानं टिपलं. कुणीतरी म्हणालं यंत्र परत पाठवा. कुणी म्हणालं पैसे वाया गेले. मगदूमांनी कपाळ पुसलं आणि टेबलावर हात आपटला.

"यंत्राचं कमिटी बघेल. सारिकावहिनींवर आमचा काही आक्षेप नाही, तसं मी सगळ्यांसमोर सांगतो." त्यांनी दुर्वाकडं बोट केलं. "पण शपथ घरादाराची असते. ती मोडली, हे पोरीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय आणि बापानं लपवलं. त्याला यंत्र लागत नाही."

महिनाअखेरीला खोल्या सोडायच्या ठरल्या.

सारिका त्या दिवसापासून लेकीशी बोलली नाही. नवऱ्याला वाढलं, त्यानं खाल्लं. दुर्वाला वाढलं, पण ताट जरा जोरात आपटून. भांडी पोत्यात भरताना, मशीनचं टेबल खोलताना, जे सांगायचं ते मारुतीला सांगायची. "तिला म्हणावं, दोरी धर." दुर्वा दोरी धरायची. तिला आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलावंसं वाटत नव्हतं. आई जे वाचवायला निघाली होती ते तिनं घालवलं होतं, आणि जे वाचवलं ते आईनं मागितलंच नव्हतं.

टेम्पो निघाला तेव्हा ऊन चढलं होतं. मारुती पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. मागं गाद्या, पोती, शिलाई मशीन आणि त्या दोघी. कवठेमहांकाळला मारुतीच्या चुलतभावाचं पत्र्याचं शेड होतं, तूर्त तिथं. वरच्या खिडक्यांतनं माणसं बघत होती. बिरनाळेंच्या म्हातारीनं हात हलवला. सारिकानं मान हलवली, आणि मग फाटक मागं पडेपर्यंत रस्त्याकडं तोंड करून बसली.

टेम्पो हायवेला लागला. पत्रा खडखडत होता. बऱ्याच वेळानं सारिका, लेकीकडं न बघताच, म्हणाली,

"त्यो मुन्ना."

"काय?"

"खिम्यात हिरवा वाटाणा घालतोय का?"

दुर्वानं मान वळवून आईकडं बघितलं. सारिका लांब उसाच्या फडांकडं बघत होती. चेहऱ्यावर ना हसू ना राग.

"घालतो," दुर्वा म्हणाली.

 पुढं, काचेपलीकडं, नवऱ्याची पाठ दिसत होती. सारिकानं आवाज खाली आणला.

"माझी आई न्हाई घालायची," ती म्हणाली. "वाटाण्यानं चव मरती."